मतपेटीच्या आधीची यादी

शाळेच्या फाटकापाशी असलेल्या काळ्या फळ्यावर वर्षातून एकदा एक सूचना लागते. सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा अमुक तारखेस शाळेच्या सभागृहात भरेल. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मान्यता देणे, नवीन कार्यकारी मंडळ निवडणे, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. खाली एक ओळ असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही. ही सूचना आपण सर्वांनी वाचली आहे, आणि वाचून पुढे गेलो आहोत. अर्ध्या तासाने भरणाऱ्या त्या दुसऱ्या सभेत दहा-बारा माणसे बसतात आणि पुढील तीन वा पाच वर्षे आपल्या मुलांची शाळा कोणी चालवायची ते ठरवितात.

गिरीज हे गाव लहान. एका अंगाला हिरा डोंगरी, वर वज्रगडाची जागा, खाली केळीच्या व फुलांच्या वाड्या. परंतु गिरीज असो, निर्मळ असो, की पापडी असो, आपल्या या वसईच्या पट्ट्यात शिक्षणाची हौस मोठी. वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, कोळी, भंडारी अशा नाना समाजांनी येथे आपापल्या मंडळ्या उभ्या केल्या, वर्गण्या गोळा केल्या, शिष्यवृत्त्या दिल्या. मंडळी आली की घटना येते, आणि घटना आली की निवडणूक येते. मग गावात कुजबूज सुरू होते, की यंदा अध्यक्ष कोण? चिटणीस कोण? हा कोणाच्या बाजूचा?

आमचे म्हणणे एवढेच आहे, की हे प्रश्न थोडे उशिराचे आहेत. शिक्षणसंस्थेची निवडणूक मतदानाच्या दिवशी ठरत नाही. सभासदांची यादी ज्या दिवशी तयार होते, त्या दिवशी ती ठरते. मत कोणाला द्यावे याच्या आधी मत कोणाचे, हा प्रश्न असतो. गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रातील थोर माणसांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली. त्यांचा इतिहास आपल्या गावच्या फळ्यावरील सूचनेशी कसा जोडलेला आहे, हे आज पाहावयाचे आहे.

आरंभ मुंबईपासून करू. १८२२ साली मुंबईत एतद्देशीय मुलांच्या शाळा व पुस्तके यांसाठी एक स्वतंत्र मंडळी निघाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे चिटणीस. 'बाळमित्र' लिहिणारे सदाशिव काशीनाथ छत्रे हे नेटिव्ह सेक्रेटरी, आणि त्यांच्यानंतर त्या जागी आले बाळशास्त्री जांभेकर. युरोपीय आणि एतद्देशीय गृहस्थांनी एका टेबलाभोवती बसून शाळांचा कारभार पाहावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. येथे सभासद कोण, तर वर्गणी भरील तो. पैशाची ऐपत हीच पात्रता. आज हे आपणांस टोचेल, पण सरकारी हुकमाखेरीज दुसरे काहीच नव्हते तेथे वर्गणीदाराचा हक्क ही एक पायरी वरचीच होती.

१८४० साली सरकारने मुंबई इलाख्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापिले. त्यात अध्यक्ष धरून सात सभासद. पैकी तीन जण निवडून देण्याचा अधिकार या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीला मिळाला, आणि अशा रीतीने नाना शंकरशेट बोर्डावर आले. शिक्षणाच्या सरकारी मंडळावर लोकांच्या मंडळीने निवडलेले सभासद बसण्याचा आपल्याकडील हा फार जुना दाखला होय.

पुढे काय झाले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह. नाना शंकरशेटांचे म्हणणे असे, की सर्वसामान्य लोकांपर्यंत विद्या पोचावयाची तर ती त्यांच्या भाषेतूनच पोचली पाहिजे. हा वाद १८४७-४८ साली विकोपास गेला. तिन्ही भारतीय सभासद आणि कर्नल जर्व्हिस एका बाजूस, पेरी आणि दोन युरोपीय सभासद दुसऱ्या बाजूस. सातांच्या मंडळात चार विरुद्ध तीन! सरळ हिशेबाने देशी भाषेचा पक्ष जिंकला होता. परंतु प्रकरण सरकारकडे गेले, सरकारने मोघम उत्तर दिले, आणि अध्यक्षांनी त्या उत्तराचा अर्थ आपल्याला हवा तसा लावून आपले धोरण पुढे नेले.

चार मते असून पराभव का व्हावा? आम्हांस असे वाटते, की त्या चौघांच्या पाठीशी उभे राहणारे मतदार आता नव्हते. ज्या मंडळीने तिघांना निवडले, तिच्या शाळा बोर्डाकडे गेल्या होत्या. मुळास पाणी घालणारी यादी सुकली होती. वरचे फळ तेवढे टेबलावर राहिले होते. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये बोर्डच गेले आणि त्याच्या जागी शिक्षणखात्याचे डायरेक्टर आले. मंडळ गेले आणि साहेब आला, पण त्यासाठी रस्त्यावर कोणी आले नाही. लोकांनी निवडलेला सभासद लोकांशी बांधलेला नसेल, तर त्याची खुर्ची एका सरकारी कागदाने उचलता येते.

आता पुण्याकडे वळू. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे व पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. चिपळूणकर १८८२ मध्ये वारले, पण शाळा वाढत गेली, आणि २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. हा सर्व वृत्तान्त आपणांस ठाऊकच आहे. तिच्या घटनेकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही, आणि आमच्या विषयाचा गाभा तेथेच आहे.

या घटनेने मताचा प्रश्न नव्या रीतीने सोडविला. देणगीदारांना जागा होती. देणगीच्या रकमेप्रमाणे आश्रयदाते, उपाश्रयदाते, फेलो अशा पायऱ्या होत्या, आणि नियामक मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून देण्याचा त्यांना अधिकार होता. परंतु शाळेचा व कॉलेजचा अंतर्गत कारभार मात्र आजीव सभासदांच्या हाती. आजीव सभासद म्हणजे थोडक्या पगारावर वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन देणारा शिक्षक. नवा आजीव सभासद घ्यावयाचा, तर जुन्या आजीव सभासदांनीच तो निवडावयाचा. जो वर्गात उभा राहतो, ज्याने आपले आयुष्य संस्थेस वाहिले आहे, मत त्याचे. विद्या शिकविणाराच विद्यालयाचा धनी! वर्गणीदाराच्या मतापेक्षा ही कल्पना किती निराळी, आणि किती तेजस्वी होती, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु तेजस्वी कल्पनेचीही एक अडचण असते. यादी लहान. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसे, सगळी बुद्धिमान, सगळी मानी, आणि सगळी बरोबरीची. अशा यादीत मतभेद झाला की तो मतभेद राहत नाही, घरातले भांडण होते. आगरकर आणि टिळक यांचे सामाजिक सुधारणेवरून बिनसले, हे खरे. 'केसरी'चे संपादकत्व सोडून आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, हेही खरे. पण संस्थेच्या सभांत जो वाद पेटला, तो प्रामुख्याने पगार व बाहेरची कामे यांवरून. टिळकांच्या मते आजीव सभासदाने आपला सर्व वेळ व सर्व मिळकत संस्थेची मानावी. या संदर्भात त्यांनी जेज्विट पंथीयांच्या त्यागाचा आदर्श पुढे ठेवला होता. वसईच्या किल्ल्यात जेज्विटांच्या देवालयाचे व विद्यालयाचे अवशेष आजही उभे आहेत. तेव्हा त्या आदर्शाचा अर्थ आपणांस पुणेकरांपेक्षा लवकर कळावा. मठात शिरणारा माणूस आपले म्हणून काही मागे ठेवीत नाही. आगरकरांचे उत्तर असे, की संस्थेचे काम चोख बजावल्यावर उरलेल्या वेळावर सभासदाचा स्वतःचा हक्क आहे. आम्ही संन्यास घेतलेला नाही, शिक्षकाचे व्रत घेतले आहे.

दोन्ही बाजूंना वजन होते, पण मोजणीत टिळक वारंवार अल्पसंख्य ठरत गेले. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, आणि बाहेरच्या कामाचा तो वाद पुन्हा उफाळला. ऑक्टोबरात टिळकांनी आपला राजीनाम्याचा निश्चय कळविला, आणि डिसेंबरात सविस्तर कारणे देणारे दीर्घ पत्र लिहिले. ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला होता, तिच्या बाहेर ते मताने पडले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. एवढा मोठा पुरुष बाहेर पडला, तरी संस्था फुटली नाही. शाळेला कुलूप लागले नाही. दप्तर कोणी घरी नेले नाही. दोन अध्यक्ष, दोन चिटणीस, दोन शिक्के अशी अवस्था झाली नाही. कारण सभासद कोण, हा वाद त्या भांडणात कधीच नव्हता. यादी स्वच्छ होती. हरणाराला आपण हरलो हे कळत होते, जिंकणाराला आपण जिंकलो हे सिद्ध करावे लागत नव्हते. पराभव कडू असला तरी तो संशयास्पद नव्हता. आजही ती संस्था चालू आहे, त्याच्या कारणांत हे एक कारण आम्ही धरतो.

याच गावात, याच माणसांच्या बाबतीत, पाचच वर्षांनी उलट प्रकार घडला. तो शिक्षणसंस्थेत नव्हे, तर ज्या चिटणीसपदावरून वाद उफाळला त्या सार्वजनिक सभेत. ही सभा २ एप्रिल १८७० ची. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांची तक्रार होती. सार्वजनिक मालकीच्या वास्तूचा कारभार लोकांच्या विश्वासातल्या माणसांनी पाहावा, या मागणीतून सभेचा जन्म झाला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी तिची घटना अशी केली, की ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुख्त्यारपत्र आणावे. आरंभी पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्या मागे सहा हजारांवर सह्या होत्या. वर्गणीदाराचे मत नव्हे, सेवकाचेही नव्हे. पन्नास शेजाऱ्यांचा विश्वास ज्याच्या खिशात कागदरूपाने आहे, त्याचे मत! कौन्सिलात निवडणुकीचा मागमूस नव्हता अशा काळात पुण्याच्या वाड्यांतून ही रीत सुरू झाली, याचा आपणांस अभिमान वाटावा.

पण कोणतीही रीत पंचवीस वर्षांत झिजते. यादी थोड्यांच्या ओळखीची होऊन बसते. सभेवर न्यायमूर्ती रानडे यांच्या विचाराच्या लोकांचे वर्चस्व होते. १८९५ च्या जुलैत व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली, तीत टिळकपक्षाने बहुमत मिळविले. नव्या सभासदांनी यादीचा तोल बदलून टाकला होता. नियमाप्रमाणे पाहता यात गैर काही नव्हते. जुन्या मंडळींना यादी आपलीच वाटत होती, नव्यांनी ती उघडली. मात्र जे मताने झाले, ते मनाने स्वीकारले गेले नाही. रानडे-गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा स्थापिली. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे लोकांच्या वतीने सरकारकडे अर्ज करण्याचा तिचा मान गेला. एका गावात दोन सभा झाल्या, आणि दोहोंचेही बळ पहिल्या एकीच्या निम्मे राहिले नाही.

या तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. बोर्डात निवडलेले सभासद होते, पण मागे जिवंत यादी नव्हती. तेथे बहुमत असून हार झाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत यादी लहान पण निःसंशय होती. तेथे माणूस गेला, संस्था राहिली. सार्वजनिक सभेत यादी फार दिवस मिटलेली राहिली आणि मग एकाएकी उघडली. तेथे संस्था दुभंगली. टिळक थोर की आगरकर, रानडे की टिळक, हा वाद आपण चहाच्या पेल्याबरोबर घालत आलो आहोत व घालीत राहू. आमच्या मते या भांडणातून गावच्या संस्थेने घ्यावयाचा धडा व्यक्तींचा नाही. यादी सदैव उघडी असावी, आणि तरीही ती कोणालाही रातोरात बदलता येऊ नये, हा तो धडा होय.

पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या नावातच मताचे उत्तर आहे. संस्था कोणाची? रयतेची. भाऊरावांनी पुण्याची आजीव सेवकांची पद्धत घेतली, पण त्या सेवकांच्या मागे मूठमूठ धान्य देणारी खेडी उभी केली. पैसा नसलेला माणूसही संस्थेचा धनी असू शकतो, ही गोष्ट वर्गणीदारांच्या मंडळींना सुचली नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कायदा म्हटले की वकिलाची आठवण होते, पण हे कलम कोणालाही समजेल असे आहे. आपल्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. सात माणसे एकत्र आली की या कायद्याने संस्था नोंदविता येते. त्यातले पंधरावे कलम सभासद कोण हे सांगते. जो नियमानुसार दाखल झाला, ज्याने वर्गणी भरली वा यादीवर सही केली, आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली, त्याला मत नाही आणि त्याची गणना सभासदांत होत नाही. मत कोणाचे, याचे उत्तर कायद्याने अखेर एका वहीकडे आणि एका पावतीकडे बोट दाखवून दिले आहे!

त्यानंतर आला १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, जो आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. निवडणूक झाली, कारभारी बदलले, की तो बदल नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत कळवावा लागतो. हाच तो 'चेंज रिपोर्ट', ज्याचे नाव संस्थांच्या भांडणात आपण ऐकतो. दोन पक्ष दोन अहवाल घेऊन जातात, दोघेही आपली निवडणूक खरी म्हणतात, आणि तारखा पडत राहतात. तोवर शाळेचे छप्पर गळत राहते, कारण दुरुस्तीच्या चेकवर सही कोणाची, हेच ठरलेले नसते. अशा प्रकरणांत भांडण वरकरणी मतमोजणीचे दिसते. आत शिरावे तर ते बहुधा यादीचे निघते. अमक्याला सभासद केव्हा केले? पावती कोणत्या वहीतली? त्या सभेची सूचना कोणाकोणाला पोचली?

आमच्याच पाहण्यातल्या एका संस्थेची गोष्ट सांगतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ती कोणाचीही असू शकेल. निवडणूक जाहीर झाली, आणि सभासदांची वही मागितली, तर ती सापडेना. तीन दिवस शोधाशोध झाली. अखेर ती एका जुन्या चिटणिसांच्या घरी, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली मिळाली. उघडून पाहिली, तर दोनशेपैकी साठ-सत्तर माणसे देवाघरी गेलेली, काही मुंबईला तर काही परदेशी गेलेली, आणि गेल्या दहा वर्षांत नवे नाव एकही नाही. ज्यांची मुले आज त्या शाळेत शिकत होती, त्यांपैकी एकाही पालकाचे नाव त्या वहीत नव्हते. चिटणीस लबाड नव्हते. त्यांनी रुपयाचाही अपहार केला नव्हता. नवी नावे लिहावयास कोणी आले नाही, आणि त्यांनी कोणाला बोलाविले नाही, एवढेच. आम्हीही त्या वहीतले एक नाव होतो आणि दहा वर्षांत आम्हीही ती कधी मागितली नव्हती. तेव्हा दोषाचा वाटा आमच्याकडेही येतो.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. दोनशे नावांत स्त्रियांची नावे पाच-सहा. शाळेत अर्ध्या मुली, शिकविणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक बाया, पालकसभेला येणाऱ्या बहुतेक माताच. आणि संस्थेचे धनी तेवढे पुरुष! एकोणिसाव्या शतकातल्या मंडळींना या गोष्टीसाठी नावे ठेवण्यापूर्वी आपण आपली वही उघडून पाहावी.

तर मग करावे काय? क्रांतीची आवश्यकता नाही. वार्षिक सभेच्या सूचनेबरोबर, किंबहुना तिच्या महिनाभर आधी, त्याच काळ्या फळ्याशेजारी सभासदांची यादी लावावी. ज्याचे नाव नसेल त्याला अर्ज करता यावा. ज्याचे नाव चुकून राहिले असेल त्याच्या घरच्यांनी सांगावे, की ते आता नाहीत. निवडणुकीच्या आधी अमुक दिवसांनंतर दाखल झालेल्यास त्या खेपेस मत नाही, असा नियम घटनेत असावा, म्हणजे आदल्या रात्री पन्नास पावत्या फाडता येणार नाहीत. वही शाळेत राहावी, घरात नव्हे. आणि वर्गणी इतकी असावी, की वाडीवर राबणाऱ्या माणसालाही ती भरता यावी, पण इतकी नसू नये, की दुसऱ्याने त्याच्या वतीने गठ्ठ्याने भरावी.

पुण्यात रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा तिच्यामागे विचार हा होता, की उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांनी एकत्र बसावे, ऐकावे आणि शहाणे व्हावे. आपण बसलो, ऐकले. आता ज्या शाळेत आपली मुले जातात, तिच्या चिटणिसांकडे जाऊन एवढेच विचारावे, की सभासदांची वही कोठे आहे, आणि तीत आमचे नाव आहे काय? नसेल, तर लिहून घ्या म्हणावे आणि पावती मागावी. अध्यक्ष कोण व्हावा, याची चर्चा त्यानंतर सावकाश करता येईल.